होमस्कूलिंग करतोय, पण पोरांना पब्लिक स्कूलच्या टीममध्ये, बँडमध्ये घेतील का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत होमस्कूलिंग करणारे, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे, किंवा करावं की नाही या विचारात अडकलेले मराठी आईबाबा वर्षभर हेच प्रश्न विचारतात, आणि बहुतेक जण विचारतात ऑगस्टमध्ये, म्हणजे निम्म्या तारखा उलटून गेल्यावर. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. आम्ही पेन्सिल्वेनियात, पिट्सबर्गच्या बाजूला राहतो, थोरला बँडमध्ये आहे आणि धाकटी क्रॉस कंट्री धावते, त्यामुळे इथलं जरा जास्त येईल, चालवून घ्या. मी वकील नाही. नियम बदलत असतात, तेव्हा वाचून झालं की तुमच्या राज्याचा चालू नियम एकदा स्वतः उघडून बघाच.

मुळात होमस्कूलची मुलं पब्लिक स्कूलच्या (इथे म्हणजे सरकारी शाळेच्या) टीममधून खेळू शकतात का?

राज्यावर आहे. खरं उत्तर एवढंच, आणि नेमकं हेच कोणाला ऐकायचं नसतं.

इथे शिक्षण हा राज्यांचा विषय आहे, सगळ्या देशाला लागू होईल असा याबद्दलचा कायदाच नाहीये. काही राज्यांत कायदाच सांगतो की तुम्ही राहता त्या डिस्ट्रिक्टने (म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्ट, त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणारी संस्था) होमस्कूलच्या मुलाला ट्रायआउट, म्हणजे टीमची निवड चाचणी, देऊ द्यायचीच. काही राज्यांत ते डिस्ट्रिक्टच्या मर्जीवर. काही ठिकाणी आधी शाळेतला एखादा तरी विषय घ्या मग खेळा, आणि काही ठिकाणी सरळ नाही. त्याच्यावर परत प्रत्येक राज्याची हायस्कूल स्पोर्ट्सची एक असोसिएशन असते, आमच्याकडे पीआयएए, टेक्सासमध्ये यूआयएल, कॅलिफोर्नियात सीआयएफ, तिचं स्वतःचं भलंमोठं रूलबुक. कायदा हो म्हणतोय म्हणून उड्या मारू नका, रूलबुकमधलं वय, पत्ता, मार्क, सेमिस्टर सगळं तुमच्या मुलालाही लागतं.

ते 'टिम टीबो लॉ' म्हणतात ते काय प्रकरण आहे?

टिम टीबो हा फ्लोरिडाचा फुटबॉलपटू (अमेरिकन फुटबॉल हो, आपला नाही), शिकला घरी, खेळला नीज हायस्कूल या पब्लिक स्कूलकडून. पुढे युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाकडून खेळताना २००७ मध्ये त्याला हाइजमन ट्रॉफी मिळाली, कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान, आणि दुसऱ्या वर्षाला असताना ती मिळवणारा तो पहिलाच. झालं, तेव्हापासून कुठल्याही राज्यात होमस्कूलच्या मुलांना पब्लिक स्कूलकडून खेळू देणारं बिल आलं की त्याला टीबोचं नाव चिकटतं. गंमत म्हणजे फ्लोरिडाचा कायदा १९९६ चा आहे, तेव्हा हा प्राथमिक शाळेच्या वयाचं पोर होता. कायदा आधी, टीबो नंतर.

त्याच्या गोष्टीतला अजून एक भाग लोक विसरतात. नीजकडून खेळता यावं म्हणून तो आणि त्याची आई त्या काउंटीत अपार्टमेंट घेऊन राहिले होते. म्हणजे पत्त्याची भानगड त्यालाही चुकली नाही.

आमच्या राज्यात काय आहे?

पन्नासच्या पन्नास लिहीत बसत नाही, आपली मंडळी जिथे जास्त आहेत तिथलं सांगते.

पेन्सिल्वेनिया: २००५ च्या ॲक्ट ६७ मुळे १ जानेवारी २००६ पासून दार उघडं आहे, तुम्ही राहता त्या डिस्ट्रिक्टला होमस्कूलच्या मुलाला घ्यावंच लागतं, म्हणजे टीममध्ये नाही, ट्रायआउटमध्ये. मग २०२२ च्या ॲक्ट ५५ ने २०२३-२४ पासून पुढची पायरी दिली, आता बँड-कॉयरसारख्या को-करिक्युलर गोष्टी आणि दिवसाच्या पाव भागापर्यंत वर्गसुद्धा घेता येतात. हे दुसरं अजून बऱ्याच घरांत माहीतच नाही!

न्यू जर्सी: एडिसनवाल्यांनो, तुमच्याकडे होमस्कूलिंग सुरू करणं देशातल्या सगळ्यात सोप्यांपैकी एक, आधी कोणाला कळवायचीही सक्ती नाही, पण ॲक्टिव्हिटीजसाठी डिस्ट्रिक्टच्या बोर्डची मर्जी. देऊ शकतात, द्यायलाच पाहिजे असं नाही. म्हणजे एका टाउनमध्ये हो आणि रस्त्यापलीकडच्या टाउनमध्ये नाही असं होतं. घर घ्यायच्या आधी विचारा, खरंच.

न्यू यॉर्क: दुसऱ्या शाळांशी होणाऱ्या मॅचेससाठी नाही. राज्याचा नियमच आहे की खेळणारा मुलगा शाळेत रीतसर एनरोल्ड पाहिजे, १९९६ मध्ये एक केस कोर्टात गेली होती तिथेही हेच ठरलं. शाळेतल्या शाळेत होणारे खेळ आणि क्लब मात्र डिस्ट्रिक्टने ठरवलं तर देऊ शकतं.

व्हर्जिनिया: ॲशबर्न, फेअरफॅक्सकडून सगळ्यात जास्त तक्रारी येतात. २०१५, २०१६, २०१७ अशी लागोपाठ तीन वर्षं विधिमंडळाने बिल पास केलं आणि तिन्ही वेळा गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ यांनी व्हेटो केलं. एखाददुसरा विषय शाळेत घेऊ द्यायचा का हे डिस्ट्रिक्टवर, पण टीम नाही.

टेक्सास: इथे नुकतंच बरंच बदललंय म्हणून जुनी माहिती फिरवू नका. २०२१ मध्ये कायदा आला तेव्हा डिस्ट्रिक्टने स्वतःहून हो म्हटलं तरच होतं, आणि फार थोड्यांनी म्हटलं. २०२५ मध्ये ते उलटं केलं, आता बोर्डाने मत घेऊन नाही म्हटलं नाही तर हो धरायचं, आणि तुमच्या डिस्ट्रिक्टने नाही म्हटलं तर जवळच्या हो म्हणणाऱ्या डिस्ट्रिक्टकडे जाता येतं. फ्रिस्को, प्लॅनो, केटी, कुठलंही असो, बोर्डाच्या मीटिंगचा ठराव काढून वाचा.

कॅलिफोर्निया: इथे प्रायव्हेट स्कूल ॲफिडेव्हिट भरून घरी शिकवता तेव्हा कागदोपत्री तुम्ही स्वतःच एक खासगी शाळा असता. मग पब्लिक स्कूलची टीम कशी मिळेल? सीआयएफच्या नियमात बसत नाही. बे एरियातले बरेच जण म्हणून चार्टर स्कूलच्या (सरकारी पैशावर चालणारी, पण कारभार स्वतंत्र असलेली शाळा) इंडिपेंडंट स्टडीत जातात, पण त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

जॉर्जिया: २०२१ चा डेक्स्टर मोझली ॲक्ट. हो, पण डिस्ट्रिक्टमार्फत निदान एक कोर्स घ्यायला लागतो. जॉन्स क्रीक, अल्फारेटाच्या पालकांना हा कोर्स कटकट वाटते, मला तर वाटतं सौदा वाईट नाही, त्या निमित्ताने शाळेत पाय तर पडतो.

ओहायो (२०१३ पासून), मिनेसोटा, कोलोरॅडो, ॲरिझोना, न्यू हॅम्पशायर इथे कायद्याने हो. आयोवात 'ड्युअल एनरोलमेंट' नावाची सोय आहे, १५ सप्टेंबरच्या आत फॉर्म. वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे रेडमंड-बेलव्ह्यूकडे, पार्ट-टाइम एनरोलमेंट कायद्यातच आहे, तिथलं वातावरण मोकळं आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये सगळं टाउनवर. मिशिगनमध्ये टीमसाठी जवळजवळ दोन-तृतीयांश विषय त्याच शाळेत घ्यावे लागतात, म्हणजे मग होमस्कूल कसलं राहिलं, पण बँडसारख्या विषयांबाबत तिथे उलट चांगलं आहे, ते पुढे येतंय.

आम्ही प्रॉपर्टी टॅक्स भरतो ना? मग हा आमचा हक्क नाही का?

हा प्रश्न नेहमी जरा चढ्या आवाजात येतो. मला समजतं, आमचंही स्कूल टॅक्सचं बिल येतं आणि ते बघून मलाही असंच वाटतं. पण कोर्टात हे टिकलेलं नाही. एक्स्ट्रा-करिक्युलर ही घटनेने दिलेली हक्काची गोष्ट नाही, सवलत आहे, असंच कोर्टं म्हणत आलीत. ओक्लाहोमाच्या गथ्री गावातली एक मुलगी घरी शिकत होती आणि तिला शाळेतले काही वर्ग हवे होते, ती केस फेडरल अपील कोर्टात गेली आणि १९९८ मध्ये हरली. वेस्ट व्हर्जिनियात २००५ मध्ये कुस्ती खेळणाऱ्या मुलाची केस राज्याच्या सुप्रीम कोर्टात, तीही हरली. तिथे नंतर दार उघडलं ते विधिमंडळाने कायदा करून.

मग उपाय कुठला, तर आमदार. इथे स्टेट रिप्रेझेंटेटिव्हला भेटणं अवघड नसतं, ऑफिसात फोन केला तर खरंच उचलतात, आणि चार पालक मिळून गेलात तर ऐकूनही घेतात. टेक्सासचं काय झालं ते वर बघितलंतच.

आणि दुसरी बाजूही सांगते. बऱ्याच राज्यांत डिस्ट्रिक्टला पैसे मिळतात ते पटावरच्या डोक्यांप्रमाणे. तुमचं पोर पटावर नाही, त्याचे पैसे येत नाहीत, पण बसमध्ये सीट, हेल्मेट, कोचचा वेळ हे सगळं लागणारच. प्रिन्सिपल कुरकुरला तर तो दुष्ट आहे म्हणून नाही.

आमचा मुलगा घरूनच शिकतो, पण ऑनलाइन पब्लिक स्कूलमधून. हे नियम त्याला लागू का?

नाही! आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून नीट वाचा. सायबर चार्टर, व्हर्च्युअल ॲकॅडमी, इंडिपेंडंट स्टडी चार्टर, यात मूल घरी बसून शिकत असलं तरी कायद्याने ते पब्लिक स्कूलचं विद्यार्थी आहे, होमस्कूलचं नाही. त्यांचे नियम वेगळे, कधी तुमच्यापेक्षा सोपे, कधी अवघड. डिस्ट्रिक्टला फोन करताना "वी होमस्कूल" असं सरसकट बोलून मोकळे होऊ नका, समोरची बाई चुकीचं पान उघडते आणि तिथूनच सगळं बिघडतं. काय भरलंय ते सांगा: ॲफिडेव्हिट, नोटीस ऑफ इंटेंट की चार्टरचं एनरोलमेंट.

फक्त स्पोर्ट्सच का? बँड, नाटक, डिबेट, रोबोटिक्स?

उलट आपल्या घरांतून विचारणा बँड, ऑर्केस्ट्रा, डिबेट आणि रोबोटिक्सचीच जास्त असते, पण कायदे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर फुटबॉल असतो.

फरक असा पकडा: शाळा सुटल्यावर होणारं, मार्क नसलेलं ते एक्स्ट्रा-करिक्युलर, आणि ज्याला वर्ग आहे, तास आहे, ग्रेड आहे पण कार्यक्रम संध्याकाळी होतात ते को-करिक्युलर. बँड या दुसऱ्यात येतो. त्यामुळे स्पोर्ट्सला हो म्हणणारं राज्य बँडला "आधी एनरोल करा" म्हणू शकतं. मिशिगनमध्ये उलटं, तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्येच एका केसमध्ये सांगितलं की बँडसारखे जे ऐच्छिक विषय पब्लिक स्कूल आपल्या मुलांना देतं ते बाहेरच्या, खासगी शाळेतल्या मुलांनाही खुले ठेवायला पाहिजेत. आमच्या पेन्सिल्वेनियात हा घोळ २०२२ च्या कायद्याने मिटवला.

मार्चिंग बँड म्हणजे काय हे आधी कळून घ्या मग उडी मारा. आपल्याकडचे लोक समजतात आठवड्यातून दोनदा क्लॅरिनेट वाजवायचं. अहो, शाळा सुरू व्हायच्या आधी ऑगस्टच्या उन्हात बँड कॅम्प असतो, पार्किंगच्या डांबरावर पांढऱ्या रंगाने फुटबॉल ग्राउंडच्या रेघा मारलेल्या, प्रत्येक पोराच्या गळ्यात दोरीला अडकवलेली एक छोटी वही, तिला डॉट बुक म्हणतात, तिच्यात लिहिलेलं असतं की संगीताच्या कितव्या मेझरला तू कुठल्या रेघेपासून किती पावलांवर उभा. आठ पावलांत बरोबर पाच यार्ड, ना कमी ना जास्त, आणि हे सगळं वाजवता वाजवता, पाय बघायचे नाहीत. आमचा थोरला पहिल्या संध्याकाळी घरी आला तो जेवायच्या आधीच सोफ्यावर झोपला. मग सीझनभर दर शुक्रवारी मॅच, बऱ्याच शनिवारी कॉम्पिटिशन. गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम, मराठी शाळा, सगळं मागे पडतं, तेव्हा मंडळात आधीच सांगून ठेवा.

आणि पालकांनाही सुटका नाही. बूस्टर क्लब म्हणून असतो, त्यात आईबाबांनी पाळी लावून कन्सेशन स्टँड चालवायचा. थंडीत बोटं गारठलेली, एका हाताने नाचोजवर चीजचा पंप मारायचा आणि दुसऱ्या हाताने पियरोगीची डिश पुढे करायची, मागून कोणीतरी ओरडतंय की हॉट चॉकलेट संपलं. पण सांगते, शाळेतल्या पालकांशी आमची खरी ओळख तिथेच झाली, कुठल्याही ओरिएंटेशनमध्ये नाही. होमस्कूलवाले म्हणजे कोणीतरी विचित्र लोक हा समज चीजच्या पंपापाशी लवकर जातो.

मार्कांची अट कशी दाखवायची? आईनेच दिलेले मार्क कोण मानणार?

मानतात, पण प्रत्येक राज्याचा पुरावा वेगळा. टेक्सासमध्ये सुरुवातीला एखादी मान्य नॅशनल टेस्ट द्यावी लागते आणि नंतर सीझनमध्ये पालकांनी ठरावीक काळाने लेखी द्यायचं की मूल विषयांत पास आहे. ओरेगॉनमध्ये (हिल्सबरो-बीव्हरटनवाले इंटेलकर, ऐका) टेस्टमध्ये निदान २३ वा पर्सेंटाइल लागतो, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. फ्लोरिडात वार्षिक इव्हॅल्युएशन. आमच्याकडे तिसरी, पाचवी, आठवीला टेस्ट, वर्षाच्या शेवटी पोर्टफोलिओ इव्हॅल्युएटरला दाखवायचा, आणि सीझनमध्ये इतर खेळाडूंसारखंच आठवड्याच्या आठवड्याला पासिंग आहे की नाही हे कळवायचं. हे आठवड्याचं ईमेल फार लोक विसरतात आणि मग पोराला मॅचच्या दिवशी बाकावर बसायला लागतं. फोनमध्ये अलार्म लावा.

आपल्या लोकांना एक खास सूचना. मार्क देताना हात आखडू नका आणि सैलही सोडू नका. आपल्यात एक जमात आहे जी पोराला नव्वदच्या खाली आला की नापासच समजते, तिथे "पासिंग" लिहायला सांगितलंय तर पासिंग लिहा, तुमच्या अपेक्षांचा निबंध नको.

कागद कुठले तयार ठेवायचे?

होमस्कूलिंगची नोंद केल्याचा कागद (आमच्याकडे नोटराइज्ड ॲफिडेव्हिट, १ ऑगस्टच्या आत), पत्त्याचा पुरावा, जन्मदाखला, लसींचा तक्ता, स्पोर्ट्स असेल तर डॉक्टरने भरलेला फिजिकलचा फॉर्म, इन्शुरन्स आणि कन्कशनची (डोक्याला मार लागण्याची) माहिती वाचल्याची सही. फिजिकल फार आधी करून ठेवलं तर चालत नाही, ठरावीक तारखेनंतरचंच लागतं, आणि भारतात सुट्टीला गेलात तेव्हा पुण्याच्या डॉक्टरकडून करून आणलंत तर तो फॉर्म परत येण्याची तयारी ठेवा. डिस्ट्रिक्ट शाळेत फिजिकल्सचा दिवस ठेवतं तिथे तुमच्या मुलालाही नेता येतं का ते विचारा.

जन्मदाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा.

मुलगा शाळेत दोन विषयांत नापास होतोय, सीझन जाईल. काढून होमस्कूल केलं तर टीममध्ये राहील का?

नाही राहणार. ही युक्ती तुमच्या आधी हजारोंनी शोधलीय आणि त्यासाठीच नियम आहेत. शाळेत अपात्र ठरलेलं मूल काढून घरी बसवलं तर ठरावीक काळ, बऱ्याच ठिकाणी निदान एक ग्रेडिंग पिरियड, कुठे कुठे पूर्ण वर्ष, ते अपात्रच राहतं. फक्त खेळासाठी होमस्कूलिंग करू नका हो, शिकवायचं तुम्हालाच आहे.

आमच्या शाळेची टीम भिकार आहे, पलीकडच्या शाळेत खेळवता येईल का?

साधारण नाही. तुमचा पत्ता ज्या शाळेच्या हद्दीत, तीच शाळा. काही राज्यं जास्त मोकळीक देतात, पण चुलतभावाचा पत्ता दाखवणं वगैरे प्रकार करू नका, पकडलं गेलं तर संपूर्ण टीमच्या मॅचेस रद्द होऊ शकतात, आणि मग त्या गावात भाजी आणायला जाणंही मुश्कील.

ड्रग टेस्ट करतात असं ऐकलं, खरं का?

काही डिस्ट्रिक्ट करतात. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये खेळाडूंच्या अचानक टेस्टला आणि २००२ मध्ये बाकीच्या एक्स्ट्रा-करिक्युलरवाल्यांच्याही टेस्टला परवानगी दिलीय. शाळेतल्या मुलांना असेल तर तुमच्यालाही. कॉयरमध्ये गाणाऱ्या मुलीलाही होऊ शकते, दचकू नका.

कोच खरंच घेईल का? शाळेतल्या एखाद्या मुलाची जागा गेली असं नाही का वाटणार?

वाटतं. कायदा फक्त ट्रायआउटपर्यंत नेतो, निवड कोचची. क्रॉस कंट्री, ट्रॅक, पोहणं, रेसलिंग, यात घड्याळ किंवा वजनकाटा बोलतो आणि बऱ्याच शाळांत क्रॉस कंट्रीत कोणाला काढतच नाहीत, म्हणून पहिली पायरी म्हणून मी हेच सुचवते. बास्केटबॉल आणि सॉकरमध्ये बारा-पंधरा जागा आणि चाळीस पोरं, तिथे तुमचं मूल आलं म्हणजे कोणाचं तरी गेलं, आणि ज्याचं गेलं त्याची आई तुम्हाला जायंट ईगलमध्ये (इथलं किराण्याचं दुकान) भेटणार आहे. ती काही बोलली तर ऐकून घ्या. तिचं पोर रोज सात तास त्या इमारतीत बसतं, तिचंही काही चूक नाही. मला विचाराल तर दार उघडं असावं पण ट्रायआउट कडक असावी.

मुलांमध्ये मात्र हा प्रश्न दोन आठवड्यांत संपतो. त्यांना एवढंच बघायचं असतं की हा धावतो का आणि बसमध्ये बडबड करतो का.

आम्ही एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहोत, काही अडचण?

एच-४ वरची मुलं शिकू शकतात, घरी किंवा शाळेत, आणि या ॲक्टिव्हिटीज म्हणजे नोकरी नाही. असोसिएशनचे परदेशी विद्यार्थ्यांचे जे नियम असतात ते मुख्यतः एफ-१ (स्टुडंट व्हिसा) आणि एक्स्चेंजच्या मुलांसाठी लिहिलेले, आईवडलांबरोबर राहणाऱ्या मुलाचा प्रश्न बहुधा पत्त्यावरच सुटतो. फॉर्मवर "परदेशातून ट्रान्सफर" असा रकाना आला तर गप्प टिकमार्क करू नका, अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला विचारून भरा. इंडियात शाळेत असताना नववी झाली असेल तर तीही सेमिस्टरच्या हिशोबात धरतात, हायस्कूलकडून खेळायच्या चार वर्षांचं घड्याळ तिथूनच सुरू.

डिस्ट्रिक्टने नाही म्हटलं. आता?

आधी "नाही" कोण म्हटलं ते बघा. फ्रंट डेस्कवरच्या बाईचं नाही हे नाही नसतं. आमच्या ओळखीच्या एका घराला एका शाळेने जुनं हँडबुक दाखवून परत पाठवलं, कायदा बदलून दोन वर्षं झाली होती, यांनी तो कायदा छापून नेला आणि दुपारपर्यंत फॉर्म मिळाला. भांडले नाहीत, नुसता कागद ठेवला टेबलावर. लेखी विचारा, लेखी उत्तर मागा.

राज्यातच नसेल तर बाहेरचे रस्ते भरपूर आहेत, आणि काही शाळेपेक्षा चांगले. मोठ्या शहरांत होमस्कूलवाल्यांच्या स्वतःच्या टीम असतात, बास्केटबॉलची त्यांची राष्ट्रीय स्पर्धा मिसुरीत स्प्रिंगफील्डला भरते. सायन्स ऑलिम्पियाडमध्ये होमस्कूलची टीम उतरवता येते, फर्स्ट रोबोटिक्सची टीम शाळेशिवाय सोसायटीतल्या पोरांची करता येते, फोर-एच, स्काउट्स आहेतच. आणि स्पेलिंग बी! आपल्या देशी पोरांची मक्तेदारी असं आपण समजतो, पण १९९७ ची विजेती रिबेका सीलफन घरी शिकणारी, २००७ चा इव्हन ओडॉर्नी घरी शिकणारा, २०२१ ची झायला अवाँ-गार्डही, आणि ती तर बास्केटबॉलमध्येही गिनीज रेकॉर्डवाली. आठवीपर्यंतच चालतं तेवढं ध्यानात ठेवा.

पीसॅट आणि एपीच्या परीक्षा?

ॲक्टिव्हिटी नाहीत पण प्रश्न त्याच शाळेच्या दारात घेऊन जातो म्हणून सांगते. पीसॅट (कॉलेजप्रवेशाच्या सॅटची आधीची सराव परीक्षा) घरून देता येत नाही, जवळच्या शाळेत जागा मागावी लागते आणि शाळेवर ती देण्याची सक्ती सहसा नसते. परीक्षा ऑक्टोबरमध्ये, तुम्ही मे-जूनमध्ये विचारा, सप्टेंबरमध्ये विचारलंत तर "सीट्स फुल". नॅशनल मेरिट स्कॉलरशिपसाठी अकरावीची पीसॅट मोजतात, ती हुकली की पंचाईत. एपी (कॉलेजच्या पातळीच्या विषयांची परीक्षा) मेमध्ये असते, पण शाळा पेपरची ऑर्डर आदल्या हिवाळ्याआधीच देते, म्हणून एपी कोऑर्डिनेटरला शाळा सुरू झाल्या झाल्या गाठा. पोर बँडमध्ये असेल तर ही कामं फारच सोपी होतात, ऑफिसात चेहरा ओळखीचा असतो.

पुढे कॉलेजात खेळायचं असेल तर?

शाळेच्या टीममधून खेळलं म्हणून एनसीएएचं (कॉलेजच्या खेळांची राष्ट्रीय संघटना) काम आपोआप होत नाही. डिव्हिजन वनसाठी १६ कोअर कोर्सेस, त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आधी, आणि कोअर जीपीए २.३. होमस्कूलवाल्यांना प्रत्येक कोर्सचं वर्कशीट द्यायला लागतं, पुस्तक कुठलं, काय शिकवलं, मार्क कसे दिले. नववीपासून लिहीत जा. बारावीत बसून चार वर्षांचं आठवणं म्हणजे शिक्षा.

सासूबाई म्हणतात पोरं एकलकोंडी होतील. बँड-बिंड लावलं की थांबेल का हे?

बोलणं थांबणार नाही, विषय बदलेल. आमच्याकडे आता "किती उन्हात उभं करतात पोराला" यावर आहे. तसे आता आपण काही एकटे नाही, सेन्सस ब्यूरोच्या सर्व्हेत २०२० च्या वसंतात ५.४ टक्के घरं होमस्कूलिंग करतोय म्हणाली होती, त्याच वर्षी शरदात ११.१ टक्के. कोविड होता ते खरं, पण बरेच जण परत गेलेच नाहीत.

भारतात परत गेलो तर तिथे अशी सोय आहे का?

नाही. महाराष्ट्रात घरी शिकवून एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची), किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बोर्डाची परीक्षा देता येते, पण शाळेच्या टीममधून खेळायला शाळेच्या पटावर नाव लागतं. तिथे खेळ म्हणजे क्लब, जिमखाना, ॲकॅडमी, आणि खरं सांगायचं तर क्रिकेट असो की बुद्धिबळ, चांगलं खेळणारी पोरं तिथूनच जास्त येतात.

बरं, पहिला फोन कोणाला आणि कधी?

खेळ असेल तर अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला, बँड असेल तर बँड डायरेक्टरला, काउन्सेलर आणि प्रिन्सिपल नंतर. बँड डायरेक्टरला वाजवणारी पोरं कमी पडतात हो, विशेषतः ट्यूबा, बॅसून आणि फ्रेंच हॉर्न, तो तुमची बाजू तुमच्यापेक्षा जास्त लढवतो. वेळ म्हणाल तर वसंत ऋतू, मार्च-एप्रिल, कारण पुढच्या वर्षाच्या ऑडिशन्स, युनिफॉर्मची मापं, समर वर्कआउट सगळं तेव्हाच ठरतं. ईमेल लहान ठेवा: मुलाचं नाव, इयत्ता, पत्ता, कायद्याने कुठल्या प्रकारचं होमस्कूलिंग, काय हवंय, आणि शेवटी "कुठले फॉर्म कुठल्या तारखेच्या आत लागतील" हा एकच प्रश्न. "आमचा मुलगा घेता का" असं विचारू नका, त्याला हो-नाही असं उत्तर येतं. तारीख विचारली की तारीख येते. एका आठवड्यात उत्तर नाही आलं तर परत पाठवा, कोणी रागावत नाही, आणि एप्रिलमधल्या ट्रॅकच्या मीटला सहज जाऊन उभे राहा, कोच कुंपणापाशीच सापडतो.